माठ पाझरतो पण वाहत नाही : तेलाच्या खडकाची क्वालिटी कशी ठरवायची

उन्हाळ्यात भरलेल्या माठाला बाहेरून हात लावला की हात ओला होतो, पण रात्री भरलेला माठ सकाळी रिकामा झालाय असं काही होत नाही. म्हणजे मातीत पोकळ्या आहेत, त्यात पाणी आहे, पण एका पोकळीतून दुसरीत जायची वाट इतकी बारीक की पाणी नुसतं पाझरतं. तेलाच्या खडकाचंही अगदी हेच आहे. पोकळ्या किती ती पोरोसिटी, आणि त्यातून द्रव किती सहज सरकतो ती पर्मिएबिलिटी. पुस्तकात सच्छिद्रता आणि पारगम्यता म्हणतात पण लॅबमध्ये हे शब्द बोलताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही.

एमएस्सी जिऑलॉजी किंवा पेट्रोलियम इंजिनिअरिंग संपवून नुकतेच रिगवर किंवा कोअर लॅबमध्ये लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. दरवर्षी नवीन बॅच येते आणि दरवर्षी कुणीतरी रिपोर्टमध्ये लिहितं "पोरोसिटी २४ टक्के, सबब रिझर्व्हॉयर (म्हणजे तेल साठवणारा खडक) उत्तम". अरे, माठाचीपण २४ टक्के असू शकते!

खोटं वाटत असेल तर घरी करून बघा. फुटक्या माठाचं खापर घ्या, उन्हात खडखडीत वाळवून वजन करा, समजा ९० ग्रॅम भरलं. मग पाण्यात उकळवा म्हणजे आतली हवा निघून जाईल, रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या, सकाळी फडक्याने वरचं पाणी टिपून वजन, १०१ ग्रॅम. आता दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत ठेवून वजन, ५५ ग्रॅम. आत शिरलेलं पाणी ११ ग्रॅम म्हणजे पोकळी ११ सीसी, अख्ख्या खापराचं आकारमान १०१ वजा ५५ म्हणजे ४६ सीसी, आणि ११ भागिले ४६ म्हणजे २४ टक्के. लॅबमध्ये उकळवायच्या ऐवजी व्हॅक्युम लावतात, बाकी तत्त्व आर्किमिडीजचंच.

आता उदाहरणाला एक चुनखडकाचा तुकडा धरू, पोरोसिटी तीच २४ टक्के, आणि शेवटपर्यंत तोच घेऊन चालू. चुनखडक मुद्दाम घेतला कारण आपल्या जवळचं सगळ्यात मोठं उदाहरण चुनखडकाचंच आहे. मुंबईपासून समुद्रात साधारण १६० किमीवर फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या जॅक-अप रिगने (समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी खोदाईची रिग) मुंबई हायचं तेल शोधलं, तिथला मुख्य थर ज्याला एल-थ्री म्हणतात तो मायोसीन काळातला चुनखडक आहे. आणि आजीच्या घरात जी शहाबादी फरशी होती तीपण चुनखडकच, मूळ खनिज तेच कॅल्साइट. एकात तेल, दुसरीवर आपण जेवायला बसायचो. नावावरून क्वालिटी कळत नाही ती अशी.

पहिलं काम : कटिंग्ज

विहीर खोदताना आत फिरवत ठेवतात त्या चिखलासारख्या द्रवाबरोबर, म्हणजे मडबरोबर, खडकाचा जो चुरा वर येतो तो कटिंग्ज. तो हलक्या हाताने धुवा, नळ जोरात सोडला की मऊ क्ले आणि सुटी वाळू वाहून जाते आणि मग तुम्हाला खडक आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतो. दहापट भिंगाखाली दाण्याचा साइज, गोलाई, सगळे सारखे आहेत का लहानमोठे मिसळलेत, मध्ये सिमेंट, म्हणजे दाणे चिकटवणारं खनिज, कसलं आहे ते बघा. वाळूच्या खडकात सारख्या साइजचे दाणे असले की मधली जागा रिकामी राहते, लहानमोठे मिसळले की बारीक दाणे फटीत जाऊन बसतात, डब्यात चणे भरून वरून रवा ओतल्यासारखं.

मग १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब. चुनखडक लगेच फसफसतो, डोलोमाइट, म्हणजे त्याचा मॅग्नेशियमवाला भाऊ, थंड ॲसिडला आळशी असतो, त्याची पूड केली की मग बुडबुडे येतात. हा फरक पुढे लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेली नोंद) वाचताना फार कामाला येतो त्यामुळे कंटाळा करू नका.

यूव्ही लाइटखाली तेल चमकतं, पण इथे नवशिके हमखास फसतात, कारण काही चुनखडक आणि डोलोमाइट स्वतःच चमकतात, पाइपाच्या आट्यांना लावायचं ग्रीसपण चमकतं. खात्री करायला चमकणारा दाणा वेगळा काढून त्यावर सॉल्व्हंट टाकायचं. तेल असेल तर सॉल्व्हंटमध्ये रंग उतरून पसरताना दिसतो, खनिजाची चमक असेल तर ढिम्म हलत नाही.

कोअर आला की आधी बघा, मग ड्रिल करा

कोअर म्हणजे खोलवरून कापून आणलेला खडकाचा सलग दांडा. महाग असतो, त्यामुळे सगळे घाईत असतात. त्यातून साधारण दर फुटाला एक किंवा दीड इंच व्यासाचा प्लग काढायचा आणि त्यावर टेस्ट करायच्या. इथली सगळ्यात मोठी गडबड म्हणजे प्लग चांगल्या जागेतून काढायचा मोह. फुटाच्या खुणेवर ठिसूळ क्ले आला की टेक्निशियन दोन इंच सरकून छान वाळूत ड्रिल मारतो, प्लग तुटत नाही, सगळे खूश, आणि शेवटी तुमच्या टेबलमध्ये नुसता चांगलाच खडक उरतो. तुटलेल्या जागेचा प्लग मिळाला नाही तर तसं लिहून ठेवा, ती जागा रिकामी सोडा पण शेजारच्या प्लगचा आकडा तिथे चिकटवू नका.

चुनखडकात उलटी अडचण. त्यात सुपारीएवढी भोकं असू शकतात, आणि दीड इंची प्लग एकतर भोकात पडतो किंवा दोन भोकांच्या मधल्या घट्ट भागात. अशा वेळी प्लगचा नाद सोडून अख्ख्या व्यासाच्या कोअरवर टेस्ट करायची, पर्याय नाही.

लॅब : वाळवण्यात माती खाल्ली तर पुढचं सगळं वाया

हे जरा सविस्तर सांगतो कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. पहिल्या नोकरीत, लॅबचं नाव नको, वाळूच्या खडकाचे वीसेक प्लग आले होते. सॉल्व्हंटने तेल धुतलं, आणि लवकर व्हावं म्हणून साध्या ओव्हनमध्ये शंभरच्या वर टेम्परेचर लावून रात्रभर ठेवले. सकाळी पर्मिएबिलिटी अपेक्षेच्या कितीतरी वर, मी आनंदात साहेबांना आकडे नेऊन दाखवले. त्यांनी एवढंच विचारलं, थिन सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचा खडकाचा पातळ काप, बघितलं का. नव्हतं बघितलं. त्या खडकात इलाइट होतं, केसांसारख्या तंतूंचं क्ले, जे पोकळीत जाळ्यासारखं पसरलेलं असतं. मी ते वाळवून भिंतीला चिकटवून टाकलं होतं, केस ओले करून चापून बसवावेत तसं, आणि वाट मोकळी झाली ती फक्त माझ्या ओव्हनमध्ये, जमिनीखाली नाही. क्लेवाला खडक ह्युमिडिटी ओव्हनमध्ये वाळवायचा, साधारण ६० डिग्री सेल्सियस आणि ४० टक्के आर्द्रता. वेळ लागतो. लागू दे.

बाकी टेस्ट सरळ आहेत. पोरोसिटीला हेलियम वापरतात कारण त्याचे अणू बारीक असतात, बारीक फटीत शिरतात आणि खडकाला चिकटत नाहीत, बॉइलच्या नियमाने दाबावरून आकारमान निघतं. पर्मिएबिलिटीला प्लगमधून हवा किंवा नायट्रोजन सोडायचा आणि किती दाबाला किती गेला ते मोजायचं. सूत्र हेन्री डार्सीचं, त्याने फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात वाळूतून पाणी सोडून हे प्रयोग केले आणि १८५६ साली छापले. आपला सगळा धंदा पाण्याच्या नळावर उभा आहे म्हणायला हरकत नाही.

गॅसने मोजलं की आकडा जरा जास्तच येतो, कारण गॅस भिंतीला घासत न जाता घसरत जातो. त्याला १९४१ पासून क्लिंकेनबर्ग करेक्शन लावतात आणि घट्ट खडकात ते विसरलात तर दुपटीची चूकपण होऊ शकते. दुसरं, टेबलावरच्या प्लगवर दोनतीन किमी खडकाचं ओझं नाही, त्यामुळे ओझ्याएवढा दाब लावून पुन्हा मोजा. पोरोसिटी थोडीच उतरते पण पर्मिएबिलिटी, खासकरून घट्ट किंवा बारीक तडा असलेल्या प्लगची, धाडकन खाली येते. आणि पोरोसिटी ४ टक्के, पर्मिएबिलिटी ३०० मिलिडार्सी (डार्सीच्याच नावाचं पर्मिएबिलिटीचं माप) असा प्लग दिसला तर नाचू नका, आधी तो हातात घेऊन बघा, बहुतेक वेळा कापताना पडलेली चीर निघते.

आपल्या चुनखडकाचं सगळं नीट केलं आणि आकडे आले पोरोसिटी २४ टक्के, पर्मिएबिलिटी ३ मिलिडार्सी. शेजारी तुलनेला वाळूचा खडक घेऊ, पोरोसिटी १८ टक्के, पर्मिएबिलिटी ४०० मिलिडार्सी.

थिन सेक्शन : इथे कारण सापडतं

खडकात निळा इपॉक्सी भरून त्याचा ०.०३ मिमी जाडीचा काप काचेवर चिकटवतात, मायक्रोस्कोपखाली निळं दिसेल ती पोकळी. चुनखडकाला ॲलिझरिन रेडचा रंग दिला की कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट तसंच राहतं. आपल्या तुकड्यात काय दिसलं, तर शिंपल्यांचे तुकडे विरघळून गेलेत आणि त्यांच्या आकाराच्या निळ्या पोकळ्या राहिल्यात, मस्त मोठ्या, पण एकीपासून दुसरीपर्यंत जायला मध्ये फक्त चुन्याचा बारीक चिखल. दहा प्रशस्त खोल्या बांधल्या आणि दारांच्या जागी उंदराची बिळं ठेवली असा प्रकार. २४ टक्के असूनही ३ मिलिडार्सी का, ते इथे डोळ्यांना दिसतं.

चुनखडकाला नाव द्यायला डनहॅमची १९६२ ची पद्धत वापरा, सोपी आहे. चिखल जास्त आणि दाणे १० टक्क्यांहून कमी तर मडस्टोन, दाणे त्याहून जास्त पण चिखलात तरंगताहेत तर वॅकस्टोन, दाणे एकमेकांना टेकलेत पण मध्ये चिखल आहे तर पॅकस्टोन, दाणे टेकलेत आणि चिखल नाही तर ग्रेनस्टोन. प्रवाळासारखं जिवंत असतानाच एकमेकांना बांधलेलं असेल तर बाउंडस्टोन. आपला तुकडा वॅकस्टोन. पण ग्रेनस्टोन म्हणजे चांगला आणि मडस्टोन म्हणजे वाईट असं पाठ करून ठेवू नका, नंतर सिमेंट बसलं तर ग्रेनस्टोनची शहाबादी होते आणि डोलोमाइटचे स्फटिक तयार झाले तर मडस्टोनसुद्धा तेल देतो.

वाळूच्या खडकात क्ले कुठलं ते बघा, किती हे त्यानंतर. क्लोराइटचं पातळ अस्तर दाण्यावर असेल तर उलट फायदा, कारण मग क्वार्ट्झचं सिमेंट वाढायला जागा मिळत नाही आणि खोलवरही पोरोसिटी टिकते. केओलिनाइट सुटून वाहत जाऊन वाटा बुजवतं, स्मेक्टाइट गोड्या पाण्याने फुगतं.

लॉग : एकच आकडा, तीन उत्तरं

कोअर थोड्या फुटांचा असतो, बाकी सगळी विहीर लॉगवरूनच वाचावी लागते. डेन्सिटी लॉग २.३० दाखवतोय समजा. पोरोसिटी काढायची म्हणजे खनिजाच्या डेन्सिटीतून लॉगचा आकडा वजा करायचा आणि त्याला खनिज वजा पाणी यांच्या फरकाने भागायचं. चुनखडक धरला तर २.७१ वरून २४ टक्के, क्वार्ट्झ धरलं तर २.६५ वरून २१ टक्के, डोलोमाइट धरला तर २.८७ वरून साडेतीस टक्के. लॉग तोच, विहीर तीच! कटिंग्जवरच्या ॲसिडच्या थेंबाचा कंटाळा करू नका म्हटलं ते यासाठी.

गॅमा रे, म्हणजे खडकाची नैसर्गिक किरणोत्सर्गिता, कमी म्हणजे स्वच्छ खडक, जास्त म्हणजे शेल, चिखलापासून झालेला खडक, हा नियम बऱ्यापैकी चालतो पण फेल्डस्पारवाली वाळूपण गॅमा जास्त दाखवते आणि मग चांगला थर शेल समजून सोडला जातो. रेझिस्टिव्हिटीवरून, म्हणजे खडक विजेला किती अडवतो त्यावरून, पाणी किती ते आर्चीच्या १९४२ च्या समीकरणाने काढतात. त्यात सिमेंटेशन एक्स्पोनंट, पोकळ्यांमधली वाट किती अवघड ते सांगणारा घातांक, सवयीने २ टाकतात. आपल्या तुकड्यासारख्या सुट्या सुट्या पोकळ्यांच्या खडकात तो २ पेक्षा बराच जास्त असतो, तरी २ टाकलात तर पाणी आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि मग कागदावर तेल, विहिरीत पाणी.

आता क्लास द्यायचा

आधी ढोबळ मापं. पोरोसिटी ५ टक्क्यांखाली सोडून द्या, १० पर्यंत कमजोर, १५ पर्यंत बरी, २० पर्यंत चांगली, वर फारच चांगली. पर्मिएबिलिटी १ मिलिडार्सीखाली कमजोर, १० पर्यंत बरी, ५० पर्यंत मध्यम, २५० पर्यंत चांगली, वर उत्तम. पुस्तकागणिक या रेषा थोड्या सरकतात, भांडत बसू नका, कुठली वापरली ते लिहा म्हणजे झालं. पण या मापाने आपला चुनखडक एका रकान्यात "फारच चांगला" आणि दुसऱ्यात "बरा" येतो, मग खरं काय?

म्हणून दोन्ही आकडे एकत्र आणणारी मापं लागतात. रिझर्व्हॉयर क्वालिटी इंडेक्स, बोलताना आरक्यूआय, म्हणजे मिलिडार्सीतली पर्मिएबिलिटी भागिले पोरोसिटी, टक्क्यात नाही, अपूर्णांकात बरं का, त्याचं वर्गमूळ आणि गुणिले ०.०३१४. उत्तर मायक्रॉनमध्ये. चुनखडकाचं आलं ०.११, वाळूच्या खडकाचं १.४८. पुढे पोकळी भागिले घन भाग हे गुणोत्तर काढून त्याने आरक्यूआयला भागलं की फ्लो झोन इंडिकेटर, चुनखडकाचं ०.२४ भागिले ०.७६ म्हणजे ०.३१६, त्यावरून ०.३५, वाळूचं ६.७ च्या आसपास. सगळ्या प्लगचं हे काढून जवळजवळच्या आकड्यांचे गट पाडायचे, एक गट म्हणजे एक फ्लो युनिट. १९९३ पासून ही पद्धत रूढ आहे आणि एक्सेलवर दहा मिनिटांत होते.

मला स्वतःला विनलंडचं आर-पस्तीस जास्त आवडतं कारण ते थेट दाराचा साइज सांगतं. पर्मिएबिलिटीचा लॉगॅरिदम गुणिले ०.५८८, त्यात ०.७३२ मिळवा, त्यातून पोरोसिटीचा, इथे मात्र टक्क्यातल्या, लॉगॅरिदम गुणिले ०.८६४ वजा करा, मग अँटिलॉग. चुनखडक ०.६६ मायक्रॉन, वाळूचा खडक १५ मायक्रॉन. १० च्या वर मेगा, २ ते १० मॅक्रो, अर्धा ते २ मेसो, ०.१ ते अर्धा मायक्रो, खाली नॅनो. म्हणजे २४ टक्केवाला मेसो आणि १८ टक्केवाला मेगा. एक सूचना, हे समीकरण मोठ्या सुट्या भोकांच्या चुनखडकासाठी बनलेलं नाही, त्यामुळे अशा खडकात मर्क्युरी इंजेक्शनची टेस्ट करून दाराचा साइज खरोखर मोजा आणि मग विश्वास ठेवा.

एका प्लगवरून थर ठरत नाही

दहा फुटांचा थर घ्या, नऊ फूट १०० मिलिडार्सी आणि मध्ये एक फूट घट्ट, ०.०१. आडव्या प्रवाहाला साधी सरासरी चालते, ९० मिलिडार्सी, झकास. उभ्या प्रवाहाला हार्मोनिक सरासरी लागते, ती येते ०.१. नऊ फूट चांगला खडक एका फुटाने मारला! पण वर गॅस किंवा खाली पाणी असेल तर तोच घट्ट फूट तुमचा तारणहार, गॅस खाली ओढला जात नाही, पाणी वर चढत नाही. मुंबई हायच्या एल-थ्रीमध्ये चुनखडकाचे थर आणि मध्ये शेलचे पापुद्रे असे एकावर एक आहेत, वर गॅसची टोपी आहे, आणि प्रत्येक थराची पर्मिएबिलिटी वेगळी, त्यामुळे पाणी सोडलं की ते सगळ्यात सोप्या थरातून पुढे पळतं आणि बाकीच्यातलं तेल मागे राहतं. विषमता आकड्यात सांगायला डायकस्ट्रा-पार्सन्स वापरा, ० म्हणजे एकसारखा, १ म्हणजे कमालीचा विषम.

आणि खडकात आहे काय तेही बघा. प्रवाह ठरतो पर्मिएबिलिटी भागिले द्रवाचा घट्टपणा यावर. ३ मिलिडार्सीतून गॅस आरामात येईल, घट्ट तेल नाही येणार. राजस्थानात बाडमेरच्या मंगला फील्डचं तेल मेणचट, थंड झालं की थिजतं, म्हणून त्याची पाइपलाइनसुद्धा गरम ठेवावी लागते, पण तिथल्या फतेहगढच्या वाळूच्या खडकाची पर्मिएबिलिटी कित्येक डार्सीत आहे, म्हणून गणित जमतं. तेच तेल आपल्या तुकड्यात असतं तर अवघड होतं.

तर त्या तुकड्याबद्दल रिपोर्टात काय लिहायचं? मी असं लिहीन : "वॅकस्टोन, शिंपले विरघळून झालेल्या पोकळ्या, परस्परजोड कमी. हेलियम पोरोसिटी २४ टक्के, पर्मिएबिलिटी ३ मिलिडार्सी, क्लिंकेनबर्ग करेक्शनसह, ओझ्याच्या दाबाखाली. आर-पस्तीस ०.६६ मायक्रॉन, मेसो, मर्क्युरी टेस्ट बाकी. साठवण चांगली, प्रवाह कमजोर. गॅस किंवा हलक्या तेलाला चालेल, ॲसिड जॉबचा (ॲसिड सोडून वाटा मोकळ्या करण्याचा) विचार व्हावा." याच्यापुढे खोली, प्लग नंबर, कसा वाळवला ते. आणि प्लग कापून उरलेले टोकाचे तुकडे फेकून देऊ नका, पिशवीत घालून नंबर टाकून ठेवा, थिन सेक्शनला तेच लागतात.